हझ्झानचा घसा

किटली शेगडीवर ठेवली, पण अशेरने काडी ओढली नाही. पाणी उकळू लागले की किटलीचे झाकण खडखडत राही, आणि त्या आवाजात जिन्यावरची पावले ऐकू येत नसत. काड्यांची पेटी हातात तशीच धरून तो खिडकीकडे पाहत उभा राहिला.

उजाडत होते, पण घाईने नव्हे. ऑक्टोबरात या किनाऱ्यावर सकाळ समुद्रावरून सरळ येत नाही. आधी धुके तिला अडवून धरते, तिची चौकशी करते, आणि मगच गावात सोडते. प्रथम समोरच्या छपरावरचा डांबरी कागद काळ्याचा करडा झाला. मग कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकलेले थेंब दिसू लागले, पडावे की न पडावे अशा विचारात असलेले. मग प्रकाश काचेपाशी आला. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा पातळ थर धरला होता. त्यातून गाळला जाऊन तो आत उतरला, तेव्हा त्याला ताकाच्या निवळीइतकाच रंग उरला होता. टेबलावरच्या मेणकापडाच्या कडेला, जिथली फुले कोपर टेकून टेकून पुसली गेली होती, तिथे त्याने आधी हात लावला. साखरेच्या भांड्याला वळसा घातला. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तो काही वेळ रेंगाळला, आणि अशेरला वाटले, आता बसेल. पण तो भिंतीवर चढला आणि खुंटीला अडकवलेल्या पांढऱ्या झग्यापर्यंत जाऊन थांबला. झग्याला कालच इस्त्री केलेली होती. त्याच्यावर उजेड पडला, तेव्हा खोलीत कुणीतरी आल्यासारखे झाले.

कुणी आले नव्हते.

अशेरने आवंढा गिळला. पहाटे डोळे उघडायच्या आधीही त्याने हेच केले होते. डाव्या बाजूला, जिभेच्या मुळाशी, मोहरीएवढे काहीतरी होते. होतेच. त्याने गळ्याभोवतीची फ्लॅनेलची पट्टी जरा घट्ट केली.

आज सूर्य मावळायच्या आत वर्षातला मोठा उपास सुरू होणार होता. त्याच्या उंबरठ्यावर म्हणायची जी प्रार्थना असते, ती हझ्झान, म्हणजे सगळ्यांच्या वतीने प्रार्थना गाणारा, तीनदा गातो. पहिल्यांदा अगदी हळू, राजवाड्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसासारखी. दुसऱ्यांदा थोडी धिटाईने. आणि तिसऱ्यांदा मोकळ्या गळ्याने, घरच्या माणसासारखी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत गायचे, आणि पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. अशेर एरवी गावच्या पोस्टात मागच्या खोलीत पत्रांची वर्गवारी करी. तिथे बोलावे लागत नसे, म्हणूनच त्याने ते काम धरले होते. आई गेली, भावाने मॉन्ट्रियलला घर केले, आणि त्यानंतर त्याचा आवाज कुणाच्या कानावर पडण्याचा प्रसंग वर्षातून एकदाच येई, तो या प्रार्थनेत.

आणि दर वर्षी नेमक्या याच आठवड्यात त्याचा घसा धरत असे.

हझ्झानचा घसा धरला की तो एकट्याचा राहत नाही, हे त्याने आधीचे हझ्झान रेब झेलिग यांच्या वेळेपासून पाहिले होते. ज्यांनी त्याला सूर शिकवले ते रेब झेलिग जाऊन आता चार हिवाळे झाले, आणि त्यांच्या जागेबरोबर त्यांचे औषधपाणीही अशेरकडे आले होते. बेकरीवाला वुल्फ काळा मुळा कोरून त्यात मध भरी आणि पाझरलेला रस वाटीत घेऊन येई. हर्शकाका आलुबुखाऱ्याची दारू मिरपूड घालून आणत. अर्धी घशासाठी, अर्धी जिना चढल्याच्या श्रमांसाठी. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मॅकायझॅकबाई, ज्यांचा या उपासाशी काही संबंध नव्हता, त्याही तव्यावर मीठ भाजून मोज्यात भरत आणि तो मोजा त्याच्या गळ्याला स्वतःच्या हाताने बांधत. आणि सगळ्यांच्या आधी, उपासाच्या आदल्या सकाळी, पहिल्या उजेडात, गावातलीच म्हातारी फ्रूमामावशी येई. तिच्या शालीखाली फडक्यात गुंडाळलेली बरणी असे, आणि बरणीत गरम गोगल-मोगल: साखरेत पांढरा होईपर्यंत फेटलेला अंड्यातला पिवळा बलक, दूध, मध, बोटभर लोणी. मावशी समोरच्या खुर्चीवर बसे आणि शेवटचा घोट होईपर्यंत उठत नसे.

मागच्या आठवड्यात तो गावातल्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरने चमच्याने जीभ दाबली, बॅटरी मारली आणि म्हणाला, "लहान मुलाच्या घशासारखा गुलाबी आहे. बिनधास्त गा." अशेर आभार मानून बाहेर पडला. गाणाऱ्याच्या घशातले या लोकांना काय कळणार, असे रस्त्याने येताना त्याने ठरवून टाकले, आणि डॉक्टरकडे गेल्याचे कुणाला सांगितले नाही.

जिना वाजला.

त्याने पेटी खाली ठेवली. पण ती पावले मावशीची नव्हती. मावशी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवी. ही पावले जड होती आणि मध्ये एकदा थांबून त्यांनी जिन्याच्या नावाने काहीतरी पुटपुटलेही. दारात हर्शकाका उभे राहिले. टोपी हातात, दुसरा हात रिकामा.

"उठलायस ना? आधी माफी. मग बोलू."

"आत तरी या, काका."

"आत आलो की बसेन, बसलो की विसरेन." हर्शकाकांनी आयुष्यभर भंगाराचा धंदा केला होता आणि त्यांचा आवाजही त्या मालातलाच होता. सिनेगॉगचा कारभार दुसरे कुणी उरले नाही म्हणून त्यांच्याकडे आला होता. उपासाआधी एकमेकांची माफी मागायची रीत होती; त्यांनी घसा खाकरला. "वर्षभरात जाणता-अजाणता मी तुला दुखावलं असेल, तर माफ कर."

"केलं, काका. तुम्हीही मला करा."

"तू कसला दुखावतोस मला? मांजर पाळलं तरी जास्त ओरखडतं. केलं, केलं." ते आत येऊन खुर्चीवर बसले. उजेड त्यांच्या खांद्यावर आला. "बघ हं, माफ केलंयस. आता मागे फिरायचं नाही."

"काय झालं?"

"या वर्षी तू गायचं नाहीस."

अशेरने शेगडीच्या कडेवर हात ठेवला. शेगडी थंड होती.

"काल आम्ही सगळे बसलो होतो. वुल्फच म्हणाला. म्हणाला, दर वर्षी या पोराचा घसा बसतो आणि दर वर्षी आपण त्याला तसाच उभा करतो. घोड्यालाही कुणी असं वागवत नाही. म्हटलं, खरंय. झेलिगचं आम्ही हेच केलं, म्हातारा शेवटी शेवटी शिट्टीसारखा वाजायचा. तुझं तरी वय आहे. घसा जपलास तर टिकेल."

"मग गाणार कोण?"

"मी." हर्शकाकांनी टोपी गुडघ्यावर पालथी घातली. "हसू नकोस."

अशेर हसला नव्हता.

"मला ठाऊक आहे मी कसा वाजतो. मग काय झालं? देवाने चाळीस वर्षं झेलिगची चांदी ऐकली, एखाद्या वर्षी पत्रा ऐकावा. अक्षरं तर सारखीच आहेत."

"पण काका, मला तसं…" त्याचा हात आपोआप गळ्यावरच्या पट्टीकडे गेला.

"बघ. बोलायलासुद्धा होत नाही तुला." हर्शकाका उठले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटले, लोखंड उचलायची सवय असलेल्या हाताने, पण हळू. "झोप काढ आज. खाली बाईंना सांगून आलोय, पोराला कुणी त्रास देऊ नका म्हणून. सगळ्यांनाच सांगितलंय."

त्या वेळी एक वाक्य पुरले असते. घशात काही नाही, मी गातो. अशेरने आवंढा गिळून पाहिला. मोहरी जागच्या जागी होती.

"बरं," तो म्हणाला.

पावले उतरून गेली. खाली दार लागले. मग घरातला नेहमीचा आवाज परत आला, म्हणजे आवाज नसल्याचा. अशेर रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिला. ज्याला गायचे नाही त्याच्या घशाला कोण मध आणणार? आणि गाणाऱ्याचा घसा सांभाळणाऱ्यांना आज हा जिना चढायला सवड कुठे असणार? उजेड झग्यावरून सरकला, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे पातळ होत होत नाहीसा झाला. तेव्हा त्याने फळीवरून मावशीची पहिल्या वर्षीची बरणी काढली. ती परत द्यायची राहून गेली होती. खरे तर दर वर्षी राहून जात असे. बरणी कोटाच्या खिशात घालून तो बाहेर पडला.

मुख्य रस्त्यावर धुके पातळ झाले होते. बंद पडलेल्या खाणीकडून येणाऱ्या उतारावर त्याला वुल्फ दिसला. दोन्ही हातांत वाटी धरून, बशीचे झाकण अंगठ्याने दाबून तो बर्फावरून चालल्यासारखा चालत होता.

"अशेर!" वुल्फ थांबला. "बरं झालं बाबा, सुटलास. काय, आहे का बरं?"

अशेरने मान हलवली.

"नको, नको, बोलू नकोस. जप." त्याने वाटी किंचित उचलून दाखवली. "हर्शला पोचवतोय. काल संध्याकाळी गॅरेजात बसून तालीम केली म्हणे, शेजाऱ्याचं कुत्रं अजून पलंगाखाली आहे. सकाळपासून त्याच्याकडे नुसती रीघ लागलीय. मॅकायझॅकबाईसुद्धा आत्ताच मोजा घेऊन गेल्या." तो हसला, मग त्याला काहीतरी आठवल्यासारखे झाले. "अरे हो. वर्षभरात तुला दुखावलं असेन तर माफ कर."

"केलं," अशेर म्हणाला.

वुल्फ पुढे गेला. मागे हवेत मधाचा आणि मुळ्याचा उग्र वास काही पावले तसाच राहिला. अशेरने तो ओळखला. तीन वर्षे हा वास आपला आहे असे तो समजत आला होता.

फ्रूमामावशीच्या घरी दार उघडेच होते. बैठकीच्या खोलीत खोकी रचलेली होती आणि भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिच्या पुढ्यात अंड्यांची टोपली, साखर आणि दोन काचेचे ग्लास होते, आणि ती त्यांच्याकडे नुसती पाहत होती.

"आलास," ती म्हणाली. "मला वाटलं, नाही येणार."

"बरणी द्यायला आलो."

"तीन वर्षांनी? टोरांटोला पाठवायचीस की पोस्टाने. पोस्टातच तर आहेस." तिने पायाने खुर्ची पुढे ढकलली. "बस. तिकडच्या लेकीने घर विकायला लावलं. म्हणते, आई, तिथं लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्टशी काय बोलू?"

अशेर बसला. चुलीवर एका बाजूला मोठे पातेले होते, त्यात अजून काही शिजत नव्हते.

"तुम्ही हर्शकाकांकडे नाही गेलात?" त्याने विचारले.

"मी कशाला? त्याच्या घशाला अंडं नाही, रंधा लागेल." तिने उजवे मनगट डाव्या हाताने चोळले. "आणि हा हात आता फिरत नाही. सकाळी उठून बसले, अंडं फोडलं, आणि काटा धरवेना. म्हटलं, संपलं. तुझ्याकडे यायचं म्हणूनच उठले होते. हर्शचा निरोप काल आला होता, पण मी कुठं त्याचं ऐकते."

अशेरने कोट काढून खुर्चीला अडकवला आणि बाह्या दुमडल्या.

"सांगा, कसं करायचं."

"अहाहा. हझ्झानसाहेब स्वयंपाक करणार." पण तिने टोपली त्याच्याकडे सरकवली. "एकेक अंडं वेगळ्या ग्लासात फोड. आणि उजेडाकडे धरून बघ. रक्ताचा ठिपका असला तर टाकून द्यायचं. माझ्या डोळ्यांना आता ठिपका आणि सूर्य सारखाच दिसतो."

त्याने अंडे फोडले. ग्लास खिडकीकडे धरला. आता दिवस चांगला वर आला होता, आणि बलक काचेत एखाद्या लहानशा सकाळीसारखा लोंबत होता. त्यात काही नव्हते.

"स्वच्छ आहे."

"पांढरं काढ. साखर घाल. आता फेट. तसं नाही, काटा आडवा. साखर बोटांना लागेनाशी होईपर्यंत फेटायचं. घाई केलीस की फसलं."

काटा काचेवर वाजू लागला. मावशीने डोळे मिटले. तो आवाज ती ऐकत होती की मोजत होती, ते कळत नव्हते.

"झेलिगसाठी पहिल्यांदा केलं तेव्हा माझा नवरा, मेंडल, नुकताच गेला होता," ती म्हणाली. "झेलिग तेव्हा तुझ्यासारखाच, भाड्याच्या खोलीत. सणाचा आठवडा आला आणि घसा बसला. मी केलं, नेऊन दिलं. तो गायला. गायला म्हणजे काय, छप्पर राहिलं हेच नवल. पुढच्या वर्षी पुन्हा बसला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा."

"त्यांचा घसा नाजूकच होता."

"तेच म्हणायचा. एका वर्षी मला काळजी वाटली, म्हणून मी त्याला धरून इथल्याच, जवळच्या सिडनी शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने झेलिगला कपडे घालायला आत पाठवलं आणि मला म्हणाला, बाई, याच्या घशात काही नाही. गुलाबी आहे. लहान मुलाच्या घशासारखा."

काटा थांबला.

"फेट, फेट. बसेल ते."

तो पुन्हा फेटू लागला. मान वर न करताच त्याने विचारले, "तुम्ही रेब झेलिगना सांगितलं?"

"काय सांगायचं? माणूस म्हणतो दुखतंय, म्हणजे दुखतंय."

"आणि तरी दर वर्षी अंडी नेत राहिलात?"

"अंड्यांना काय कळतं?" मावशीने डोळे उघडले. खिडकीतून येणारा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता आणि ती तो टाळत नव्हती. "आणि मला तरी दुसरं कोण होतं रे, फेटून द्यायला?"

बलक पांढरा झाला होता. अशेरने चिमूट घेऊन बोटांत चोळली. साखर लागत नव्हती. मावशीने सांगितल्याप्रमाणे त्याने गरम दूध धारेने सोडले, मध घातला, लोणी घातले. ग्लासातून वाफ वर आली. दर वर्षी हाच वास खुर्चीच्या पलीकडून त्याच्याकडे येत असे. आता तो त्याच्या हातात होता, आणि ग्लास कुणाकडे न्यायचा ते त्याला क्षणभर सुचेना.

त्याने तो मावशीपुढे ठेवला.

ती ग्लासाकडे पाहत राहिली. मग दोन्ही हातांनी उचलला आणि एक घोट घेतला. वरच्या ओठावर फेसाची रेघ उमटली.

"मध जास्त झालाय," ती म्हणाली.

"दुसरं करू?"

"गप्प बस." ती हळूहळू पीत राहिली. अशेर समोर बसून होता आणि शेवटचा घोट होईपर्यंत उठला नाही. तिने बोट ग्लासाच्या तळाशी फिरवून चाटले, लहान मुलीसारखे, आणि मग ग्लास बाजूला सारला. "मेंडलनंतर मला कुणी काही करून दिलं नव्हतं. जा आता. कोंबडी चढवायचीय, आणि ही दुधाची भांडी त्याआधी उचलायचीत, दूध आणि मांस शेजारी नकोत."

तो दारापर्यंत गेला.

"अशेर. मी मागच्या बाकावर असते, तुला माहीत आहे. डावा कान गेला, उजवा शाबूत आहे. हर्श उभा राहिला की मी तोही झाकून घेणार." ती टेबलाला धरून उठत होती. "टोरांटोचं सिनेगॉग म्हणे एवढं मोठं आहे की मायक्रोफोन लावतात. आपलं हे माझं शेवटचं."

बरणी त्याच्या खिशातच राहिली होती. हे त्याला घरी पोचल्यावर कळले.

दुपार सरली. मावळतीच्या बऱ्याच आधी लोक सिनेगॉगकडे निघाले. कोळशाच्या दिवसांत बांधलेली ती लाकडी इमारत आता त्या मोजक्या लोकांना फार मोठी पडत होती, आणि म्हणून सगळे पुढच्या बाकांवर दाटीने बसत. पुरुषांनी पांढरे झगे घातले होते. ज्याचा झगा त्याला त्यातच पुरायचे, अशी रीत; रेब झेलिग यांचा त्यांच्याबरोबर गेला. अशेरने स्वतःचा घातला होता आणि त्यावर, गळ्याभोवती, फ्लॅनेलची पट्टी. तो तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसला. पश्चिमेच्या खिडकीत सूर्य छपरांच्या वर दोन हात उरला होता.

हर्शकाका गाण्याच्या उंच चौरंगाशी, पुढे पोथी उघडून, उभे होते. झग्याखालून त्यांचे कापडी बूट दिसत होते, कारण या दिवशी चामडे चालत नाही. वुल्फ आणि दुसरा एक म्हातारा त्यांच्या दोन्ही बाजूंना धर्मग्रंथाची गुंडाळी छातीशी धरून उभे राहिले होते. हर्शकाकांनी पान उलटले, पुन्हा मागे उलटले. खाकरले. त्यांच्या कपाळावर घाम होता. भंगाराच्या गाड्या त्यांनी या हाताने ओढल्या होत्या, पण इतक्या शांततेपुढे ते कधी उभे राहिले नव्हते.

अशेरने मागे वळून पाहिले. शेवटच्या बाकावर मावशी बसली होती, एकटी. उजवा हात कानाच्या दिशेने अर्धा उचललेला.

तो उठला. बाकाबाहेर यायला त्याला तिघांच्या गुडघ्यांना धक्का द्यावा लागला आणि प्रत्येकाची क्षमा मागावी लागली. चौरंगापाशी पोचेपर्यंत सगळ्यांनी त्याला पाहिले होते, आणि एरवी त्याला हे सहन झाले नसते.

"काय रे?" हर्शकाका कुजबुजले. त्यांच्या श्वासाला आलुबुखारा, मध आणि मुळा यांचा एकत्र वास होता. "या लोकांनी पाजून पाजून मला मारलं. पोटात समुद्र झालाय. पहिला सूर कुठून घेऊ?"

"काका, मला माफ करा."

"सकाळी केलं ना? आता काय नवीन केलंस? सूर्य थांबणार नाही, लवकर बोल."

"हे जुनं आहे."

हर्शकाकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. वुल्फनेही गुंडाळीच्या कडेवरून मान पुढे काढली. "घसा कसाय तुझा?" त्याने काळजीने विचारले. "बोलू नकोस फार."

अशेरने आवंढा गिळला. मग त्याने पट्टी सोडवायला सुरुवात केली. फ्लॅनेल वेढ्यावेढ्याने सुटत गेले आणि गळ्याला संध्याकाळची हवा लागली. पुढच्या वर्षी या दिवशी किटली खुशाल उकळू देता येईल, असे त्याच्या मनात येऊन गेले; ऐकायचे काही उरणार नव्हते. खोलीतला उजेड खुर्चीपर्यंत येईल, तिथून भिंतीवर चढेल आणि त्याच्या वाटेत कुणी येणार नाही. त्याने पट्टीची नीट घडी केली आणि चौरंगाच्या कडेवर ठेवली.

"माझा घसा दुखत नाही," तो म्हणाला. हळू बोलायचे होते, पण अर्ध्याअधिक रिकाम्या इमारतीत आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "एकाही वर्षी दुखला नव्हता."